अलॉय चाकांवर घट्ट बसलेली ब्रेक डस्ट: कोणता क्लीनर निवडावा? मदत हवी आहे

नमस्कार. नुकत्याच घेतलेल्या एका वापरलेल्या गाडीच्या चाकांबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. गाडी एकंदरीत उत्तम स्थितीत आहे. परंतु पुढच्या दोन्ही अलॉय चाकांच्या आऱ्यांच्या खाचांत, नटांच्या खळग्यांत आणि विशेषतः रिमच्या आतल्या बाजूला ब्रेक डस्टचा जुना थर बसलेला आहे. मागच्या चाकांवर तो बराच कमी आहे. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्याच ब्रेकना करावे लागते, हे लक्षात घेता त्यात नवल नाही.

गाडीचा शाम्पू, भरपूर पाणी आणि मऊ ब्रश एवढ्यावर वरची सैल, करडी भुकटी सहज निघून गेली. त्याखाली मात्र दोन निरनिराळ्या गोष्टी उरल्या आहेत. एक म्हणजे नारिंगी-तपकिरी रंगाचे बारीक ठिपके. त्यांवरून बोट फिरवले तर पृष्ठभाग खरखरीत लागतो आणि शाम्पूने त्यांत काहीही फरक पडत नाही. दुसरे म्हणजे काळे, किंचित चकाकणारे डाग, जे प्रामुख्याने रिमच्या आतल्या भागात आहेत.

चाकांची रचना सांगणे आवश्यक आहे, कारण माझी खरी अडचण तिथेच आहे. आरे आणि आतला भाग रंगवलेला असून त्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेप आहे. दर्शनी भाग डायमंड कट पद्धतीचा आहे, म्हणजे तासून चमकवलेल्या उघड्या ॲल्युमिनियमवर फक्त पारदर्शक लेप आहे. एका चाकाची कड कधीतरी घासली गेल्यामुळे तिथला लेप निघालेला आहे आणि साधारण बोटाच्या पेराएवढे ॲल्युमिनियम उघडे पडले आहे. रंगवलेल्या भागावर निर्धोक असलेले उत्पादन या उघड्या धातूवर चालेल का, हे मला समजत नाही.

बाजारात पाहिले असता काही बाटल्यांवर ‘आयर्न रिमूव्हर’, काहींवर ‘आम्लरहित व्हील क्लीनर’, तर काहींवर केवळ ‘जास्त ताकदीचा’ असे लिहिलेले आढळते. घटकद्रव्यांविषयी मात्र फारशी माहिती नसते. माझी पसंती सौम्य उत्पादनाकडे आहे, मग त्यासाठी दोन-तीन वेळा मेहनत करावी लागली तरी हरकत नाही. तेव्हा सुरुवात कशाने करावी, काळे डाग नेमके कशाचे असावेत आणि आतली बाजू साफ करण्यासाठी चाके उतरवणे खरोखर गरजेचे आहे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण चाकांचे वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. नारिंगी ठिपके आणि काळे डाग हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच बाटलीने दोन्ही सुटतील अशी अपेक्षा ठेवू नये.

ब्रेक डस्टमध्ये पॅडची झीज असते, तशीच पॅड ज्या फिरत्या चकतीला दाबून धरतात त्या डिस्कचीही असते, आणि डिस्क सामान्यतः बिडाची, म्हणजे लोखंडाचीच असते. ब्रेक लागताना सुटणारे हे कण तापलेले असतात. ते क्लिअर कोटवर आदळून त्यात रुततात आणि पुढे ओलाव्याने गंजतात. आपले नारिंगी ठिपके म्हणजे हाच गंज होय. शाम्पू त्यांना हलवू शकत नाही, कारण तो तेलकट मळ सोडवतो, गंज विरघळवत नाही. त्यासाठी आयर्न रिमूव्हरच लागतो. यातील मुख्य घटक थायोग्लायकोलेट वर्गातला असतो. तो लोखंडाशी संयोग पावून पाण्यात विरघळणारे जांभळे संयुग तयार करतो आणि रुतलेला कण सैल होतो. केस काढण्याच्या क्रीममध्येही याच वर्गातील रसायन असते, त्यामुळे त्या उग्र गंधकी वासाने दचकू नये. सोनॅक्सचा ‘व्हील क्लीनर प्लस’ किंवा कारप्रोचा ‘आयर्न-एक्स’ ही या प्रकारची परिचित उत्पादने आहेत. परंतु नावापेक्षा बाटलीवर ‘पीएच न्यूट्रल’ (उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही) असा स्पष्ट उल्लेख आहे की नाही, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

आता ‘आम्लरहित’ या शिक्क्याविषयी, कारण बहुतेकांची फसगत तिथे होते. आम्ल नाही याचा अर्थ द्रव उदासीन आहे असा होत नाही. असे कित्येक क्लीनर तीव्र अल्कली असतात आणि त्यांत सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. ॲल्युमिनियमवरचा नैसर्गिक ऑक्साइडचा संरक्षक थर साधारण पीएच ४ ते ८.५ या पट्ट्यातच टिकतो. त्याच्या खाली आम्ल त्याला खाते आणि वर अल्कली. म्हणून तीव्र अल्कली क्लीनर धडधाकट क्लिअर कोटवर थोडा वेळ चालून जाईल, पण आपल्या घासलेल्या कडेवर तो धातू पांढुरका आणि निस्तेज करून सोडेल. आम्लाच्या बाबतीत तर माझे मत अधिक कडक आहे. हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असलेला क्लीनर, तो कितीही झटपट काम करत असला तरी, घरी वापरूच नये. हे द्रव्य त्वचेतून आत शिरते, सौम्य द्रावणात वेदना पुष्कळ उशिरा जाणवते आणि तोवर आतल्या ऊतींना इजा झालेली असते. बाटलीवर घटक दिलेले नसतील, तर उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक मिळवून वाचावे. आणि तेही मिळत नसेल, तर ती बाटली विकत घेऊ नये.

कामाचा क्रम असा ठेवावा. चाक पूर्ण थंड असावे आणि सावलीत असावे, कारण गरम धातूवर द्रव चटकन सुकतो आणि सुकलेल्या द्रवाचे डाग काढणे हे नवेच काम होऊन बसते. आधी शाम्पूने धुऊन पाणी निथळू द्यावे. घाण काढल्याशिवाय आयर्न रिमूव्हर मारला, तर त्याची शक्ती वरच्या भुकटीवरच खर्च होते, आणि पाणी साचलेले असेल तर तो पातळ होतो. फवारल्यानंतर उत्पादकाने सांगितलेली काही मिनिटे थांबून मऊ ब्रशने हलकेच फिरवावे आणि सुकण्यापूर्वी धुवावे. जुन्या थरासाठी हे पुन्हा करावे लागेल. मात्र एकदाच जास्त वेळ ठेवण्यापेक्षा कमी वेळ ठेवून पुन्हा करणे केव्हाही चांगले. उघड्या पडलेल्या कडेवरही उदासीन उत्पादन चालेल, फक्त तिथे ते सर्वांत शेवटी लावावे आणि सर्वांत आधी धुवावे. त्या जागी लेपाखाली पांढऱ्या, अळीसारख्या वळणदार रेषा दिसू लागल्या असतील, तर ते लेपाखाली धातूचे क्षरण आहे. कोणताही क्लीनर ती काढू शकणार नाही आणि त्या चाकाचा दर्शनी भाग नव्याने तासून लेप द्यावा लागेल.

काळ्या डागांची परीक्षा सोपी आहे. आयर्न रिमूव्हर मारल्यावर डाग जांभळा झाला नाही, तर त्यात लोखंड जवळपास नाही असे समजावे. मग कापडावर थोडा टार रिमूव्हर, म्हणजे डांबर विरघळवणारा द्रव घेऊन डागावर दाबून धरावा. तपकिरी रंग कापडावर उतरला, तर ते डांबर आहे. त्यानेही काही झाले नाही, तर बहुधा पॅडमधील रेझिन (घटकांना बांधून ठेवणारा राळेसारखा पदार्थ) उष्णतेने भाजून बसले आहे; तिथे क्ले बार (पृष्ठभागावर घासून रुतलेली घाण उचलणारी मऊ, मातीसारखी वडी) आणि भरपूर वंगणद्रव हाच सौम्य मार्ग आहे. टार रिमूव्हर वापरताना रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजने सांभाळावीत, कारण त्यातील द्रावक त्यांचा गोंदही सैल करू शकतो.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. पसंत केलेल्या एका ‘आम्लरहित’ क्लीनरचे माहितीपत्रक पाहिले आणि त्यात खरोखरच सोडियम हायड्रॉक्साइड निघाले. तो बेत रद्द केला आहे. कापडाची परीक्षा एका डागावर केली असता तपकिरी रंग उतरला, म्हणजे निदान काही डाग डांबराचे आहेत. आता एकच शंका उरते. डिस्क जर लोखंडाचीच असेल, तर आयर्न रिमूव्हर तिच्यावर उडाल्यास नुकसान होणार नाही का? आणि चाके उतरवण्याविषयी आपले मत काय?

प्रतिसाद २

वरच्या उत्तरात थोडी भर घालतो. डिस्कवर द्रव पडला की तीही जांभळे पाणी सोडेल, आणि अनेक जण त्यालाच चाकावरची घाण समजून पुन्हा पुन्हा फवारत बसतात. त्यामुळे रंगाकडे पाहताना ओघळ कुठून येतो आहे ते आधी पाहावे. अल्पकाळच्या संपर्काने बिडाच्या जाड डिस्कला काही होत नाही, परंतु मुद्दाम तिच्यावर फवारू नये आणि शेवटी डिस्क व कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) साध्या पाण्याने नीट धुवावेत. त्यानंतर गाडी लगेच उभी करून ठेवू नये. ओली डिस्क काही तासांतच वरवर गंजते आणि पॅड तिला चिकटू शकतात; म्हणून रहदारी नसलेल्या रस्त्यावर हळू वेगात थोडे अंतर चालवून ब्रेक हलके दाबत ते कोरडे करावेत.

चाके उतरवण्याविषयी म्हणाल, तर दर्शनी भागासाठी गरज नाही. आतल्या बाजूच्या जुन्या थरासाठी मात्र उतरवलेलीच बरी, कारण आऱ्यांमधून हात घालून ब्रश नीट फिरत नाही आणि द्रव किती धुतला गेला हेही दिसत नाही. गाडी केवळ जॅकवर न ठेवता खाली स्टँड लावावेत, एका वेळी एकच चाक काढावे आणि परत बसवताना नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला), समोरासमोरच्या जोड्यांच्या क्रमाने आवळावेत. चाक काढल्यावर दिसणारी कोरडी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याचा मोह टाळावा. ती श्वासातून आत जाते, त्यामुळे पाण्याने भिजवूनच काढावी. नायट्राइल हातमोजे आणि चष्मा वापरावा.

आतली बाजू एकदा लख्ख झाली की चाक जोडण्यापूर्वीच तिच्यावर व्हील सीलंट (घाण चिकटू न देणारा संरक्षक लेप) लावून घ्यावा, कारण तिथे पुन्हा इतक्या सहज हात पोहोचणार नाही. घासलेल्या कडेवर मात्र तो तूर्त लावू नये; ती दुरुस्तीला द्यायची झाल्यास नवा लेप धरण्यासाठी धातू स्वच्छ असावा लागतो.