आटपाडी: ५ एचपी डिझेल इंजिन काढून सौर पंप घ्यायचाय, साडेसातचा लागेल का?

माणदेशी_डाळिंब
राम राम मंडळी. आटपाडी तालुक्यात ३ एकर डाळिंब, १४ × १० फुटांवर, आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा). विहीर ४५ फूट, मेमध्ये पाणी ४० फुटांवर जातं. वीज कनेक्शन नाही. ५ एचपीचं इंजिन विहिरीतल्या ओट्यावर बसवलंय. बाग विहिरीपासून २० फूट चढावर, ५० मिमी पाइप ८०० फूट, पुढे ठिबक. उन्हाळ्यात रोज ५ तास इंजिन, ५ लिटर डिझेल. सौर घ्यायचा तर साडेसात एचपीच घे, असं जो तो सांगतोय. खरंय का?

पाणी_हिशेब
दादा, साडेसात आधी बाजूला ठेवा. पंप निवडायचा तो रोजचं पाणी आणि हेड, म्हणजे पाणी एकूण किती उंच ढकलायचं ते, बघून.

१४ × १० वर एकरी ३११ झाडं, तीन एकरांत ९३० च्या आसपास. मेमध्ये मोठ्या झाडाला ४५ लिटर धरा, म्हणजे दिवसाला ४२ हजार लिटर. आता हेड, मीटरमध्ये: पाण्याची पातळी १२, चढ ६, फिल्टरच्या तोंडाशी सव्वा ते दीड किलो प्रेशर हवं, एका किलोला १० मीटर धरून त्याचे १३. झाले ३१.

खरी गोम पाइपात आहे. ४२ हजार लिटर ५ तासांत द्यायचे तर तासाला ८,४०० लिटर. एवढं पाणी ५० मिमीतून ८०० फूट नेताना नुसत्या घर्षणात ११ मीटर जातात. पाइप ६३ मिमी केला की तेच साडेतीनवर येतं. म्हणजे ४२ मीटरचं काम ३५ वर आलं. पाइप तोच ठेवून मोठा पंप बसवलात तर पाणी वाढेल तसं घर्षणही वाढणार, दुप्पट पाण्याला जवळजवळ चौपट. मोठ्या पंपाचं जादा बळ पाइपातच जिरेल.

३५ मीटरवर ४२ हजार लिटर उचलायचं निव्वळ काम ४ युनिटचं. पंप-मोटरची कार्यक्षमता ४५ टक्के धरली तरी पॅनेलकडून ९ युनिट पुरतात. ५ एचपी पंपासोबतचे ५ किलोवॅटचे पॅनेल मेच्या उन्हात २० युनिटच्या घरात देतात. सकाळ-संध्याकाळचं मंद ऊन सोडून दिलं तरी भागतं. आता डिझेल बघा. एका लिटरमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. तुम्ही रोज ५० युनिट जाळून ४ युनिटचं पाणी उचलताय.

सौर_फिटर
हिशेब पटला. शिवाय ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत ३, अडीच ते पाच एकरांना ५ आणि त्यापुढे साडेसात एचपी मिळतो. म्हणजे तुम्हाला पाचच. आपला हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५. दुरुस्तीची हमी ५ वर्षं. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आधी बघून घ्या. विहीर सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांची संमती लागते, तिथंच अर्ज अडकतात.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, आपल्याकडे १७ अंशांच्या आसपास कल. बांधावरच्या लिंबाची सावली एका पॅनेलवर जरी पडली तरी सिरीजमधली सगळी ओळ ढेपाळते, म्हणून जागा ठरवताना हिवाळ्यातली लांब सावली धरा. धुरळा पहाटे धुवा; भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. ‘पंप जळाला’ म्हणून फोन येतात त्यात कितीदा तरी विहिरीचं पाणी तुटलेलं असतं आणि ड्राय रनमुळे (पंप पाण्याविना फिरल्यामुळे) कंट्रोलरने पंप थांबवलेला असतो. डीसी पंप बिघडला तर सहसा कंपनीचीच वाट बघावी लागते, एसीची मोटर गावातला रिवाइंडिंगवाला भरून देतो.

माणदेशी_डाळिंब
ढग आला की ठिबकचं प्रेशर पडेल ना? शेवटच्या झाडाला पाणी पोचेल का?

ठिबक_मिस्त्री
पडणारच. साधे ड्रीपर असतील तर कमी प्रेशरला चढावरची झाडं उपाशी आणि खालची तुडुंब. दोन गोष्टी करा. ड्रीपर प्रेशर कॉम्पेन्सेटिंग घ्या, म्हणजे प्रेशर कमी-जास्त झालं तरी सारखंच पाणी देणारे. आणि तीन एकर एकदम चालवू नका. अर्ध्या-अर्ध्या एकराचे सहा व्हॉल्व्ह करा. सकाळी नऊला एकच उघडा, अकरापासून दुपारी दोनपर्यंत दोन-दोन, उतरत्या उन्हात परत एक. फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज बसवा. दोन्हींतला फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की फिल्टर धुवायला आलाय, उन्हाचा दोष नाही.

तुमचा आंबे बहार आहे हे नशीब. पाण्याची गरज आणि ऊन एकाच वेळी चढतं. मृग बहारवाल्याला (पावसाळ्याच्या तोंडावर बहार धरणाऱ्याला) जून-जुलैच्या ढगांचं गणित वेगळं मांडावं लागतं.

पाणी_हिशेब
पंप येईपर्यंत इंजिनातच बरंच वाचेल. फुटव्हॉल्व्हची (सक्शन पाइपच्या तळाच्या व्हॉल्व्हची) जाळी मोठ्या भोकांची घ्या, सक्शन पाइप डिलिव्हरीपेक्षा एक साइज मोठा ठेवा, काटकोनी एल्बो काढून लांब बेंड बसवा. इंजिनातून निघणारं पाणी गारच येत असेल तर कुलिंग जास्त होतंय, डिझेल वाया जातं. ते ६० अंशांपर्यंत येईल इतकाच कॉक उघडा. आणि सायलेन्सरचा पाइप विहिरीच्या काठाबाहेर काढलाय ना? तो विषारी धूर विहिरीत साठतो, त्याने उतरलेला माणूस परत वर येत नाही.

माणदेशी_डाळिंब
धूर बाहेरच सोडलाय. ६३ मिमी पाइप ४ किलो प्रेशर सोसणारा घेऊ का ६?

ठिबक_मिस्त्री
६ चा. चालू असताना ४ चाही टिकेल, पण पंप सुरू आणि व्हॉल्व्ह सगळे बंद राहिले तर प्रेशर एकदम चढतं आणि जॉइंट सुटतात. पंपाजवळ एअर व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) विसरू नका.