काडतुसांच्या स्वतंत्र चाचणीचा डेटा विकत घ्यावा का?

टेनरिंग:
५० मीटर प्रोन (पोटावर झोपून) रायफल नेमबाजी, काडतूस .२२ एलआर. एक स्वतंत्र चाचणी सेवा वर्षाची वर्गणी घेऊन वीसेक प्रकारच्या काडतुसांचा वेग, एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे वेग सरासरीभोवती किती विखुरतो) आणि ग्रुप (भोकांच्या पुंजक्याचा आकार) देते. नमुन्याच्या पानावर प्रत्येक प्रकाराचे ५ गोळ्यांचे दोन ग्रुप आणि १० गोळ्यांचा वेग आहे. वर्गणी भरावी, की तेवढ्यात काडतुसंच जास्त घ्यावीत?

लॉटनंबर:
त्या पानावर लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या काडतुसांचा क्रमांक) आहे का ते आधी बघा. नसेल तर विषय तिथेच संपला. रिमफायरमध्ये (.२२ एलआर त्यातलंच) प्रायमरचं, म्हणजे ठोका बसताच पेटणारं मिश्रण रिमच्या (काडतुसाच्या बुडाच्या कडेच्या) पोकळीत फिरवून पसरवलेलं असतं. ते कुठे जाड, कुठे पातळ पडलं की पावडर पेटणं बदलतं. त्यामुळे डब्यावरचं नाव एकच असलं तरी दोन लॉट दोन तऱ्हेने वागतात. आणि ज्या लॉटची चाचणी झाली तोच तुमच्या हातात पडेल याची खात्री कोण देणार?

दुसरं म्हणजे १० गोळ्यांची एसडी. ती ३ मी/से आली, तर खरी एसडी (९५ टक्के खात्रीने) २.१ ते ५.५ मध्ये कुठेही असू शकते. म्हणजे ३ वाला माल ४ वाल्यापेक्षा सरस, असं म्हणताच येत नाही. ३० गोळ्या मारल्या तर हाच पट्टा २.४ ते ४.० वर येतो. एक्स्ट्रीम स्प्रेड (सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक) तर त्याहून फसवा. त्याच काडतुसाचा स्प्रेड १० गोळ्यांत एसडीच्या साधारण तिप्पट दिसतो, ५० गोळ्यांत साडेचारपट. गोळ्यांची संख्या न लिहिता दिलेला स्प्रेड सरळ सोडून द्या.

उभीरेघ:
इतकंही टाकाऊ नाही. वेगात १० मी/से चा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी ७-८ मिमी वर-खाली जाते, आणि लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या कड्याचा व्यासच १०.४ मिमी आहे. त्यामुळे ज्याचा वेग ढळढळीत विखुरलेला आहे तो माल गाळायला हा डेटा चालतो. वीसातले चार उरले तरी पुष्कळ. १०० मीटरवर तोच फरक ३ सेंमीच्या घरात जातो, तिथे वर्गणी जास्त वसूल होईल.

ग्रुपचे आकडे मात्र त्यांच्या बॅरलचे. चेंबर (काडतूस बसतं तो भाग) वेगळं, कंपनं वेगळी. तुमच्या रायफलला ते लागू नाहीत.

मेणकापड:
उरलेल्या चारांची चाचणी स्वतः करा. क्रम अ-ब-क-ड आणि मग उलटा ड-क-ब-अ, म्हणजे दिवसभरात बदलणारा वारा आणि ऊन एकाच लॉटच्या माथी बसत नाही. दर पाळीला पहिल्या १५ गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण नळीत आधीच्या लॉटचं वंगण असतं. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं: डबा बदलला की लगेच ग्रुप मारतात आणि नव्या काडतुसाला नावं ठेवतात. मग १०-१० चे दोन ग्रुप. एकूण ४ × २ × ३५, म्हणजे २८० काडतुसं. प्रत्येक लॉटच्या ४० मोजायच्या.

ॲक्शनच्या (रायफलची यंत्रणा दस्त्याला धरणाऱ्या) स्क्रूंचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मध्येच बदलू नका. नळीला अडकवायचा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) ग्रुप मारताना काढून ठेवा, त्याच्या वजनाने मारा सरकतो. ऑप्टिकल असेल तर ढग आला की वाचन भरकटतं. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजण्यापेक्षा प्रत्येक भोकाचं ग्रुपच्या मध्यापासूनचं अंतर काढून सरासरी घ्या. त्यात चाळीसही गोळ्या कामी येतात.

टेनरिंग:
क्लबातल्या पाच जणांनी मिळून एकच वर्गणी घेतली तर?

लॉटनंबर:
आधी त्यांच्या अटी वाचा, बऱ्याच ठिकाणी वाटून घ्यायला मनाई असते. गोळीनिहाय कच्चे आकडे, लॉट नंबर, नळीची लांबी आणि तापमान देत असतील तर घ्या. नुसती सरासरी आणि ताऱ्यांचं मानांकन देत असतील तर नको.

पाच जण जमणारच असाल तर एली किंवा लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्राचं बघा. तिथे तुमचीच रायफल पकडीत बसवून हाताशी असलेले लॉट एकामागून एक मारून दाखवतात. जो जुळेल त्याच लॉटची ५,००० ची पेटी तिथल्या तिथे राखून ठेवायला सांगा.




उभीरेघ:
पेटी आली की डब्यांवरचा लॉट नंबर एकेक करून ताडून बघा.