क्रिमिया म्हणजे गोवा? फुटून निघण्याचा हक्क आणि बाहेरचा हात

फोंड्याचा मास्तर

परवा मुक्तिदिनाचं झेंडावंदन आटोपून तिस्कावर चहाला बसलो होतो. पुतण्या म्हणाला, "काका, आपण १९६१ मध्ये गोव्यात जे केलं तेच पुतिननं २०१४ मध्ये क्रिमियात केलं. मग आपण कुठल्या तोंडानं नाकं मुरडायची?" मिरचीभजी घशात अडकली. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण तिथं उत्तर सुचलं नाही. ते इथं धाग्यावर लिहितो, ज्याला बोलायचं त्यानं खाली आपल्या टोपणनावानं बोलावं.

ज्या मागणीमागे परक्याचं सैन्य उभं, ती मागणी जनतेची धरू नये. युक्रेनच्या क्रिमियात २०१४ च्या फेब्रुवारीत बिनबिल्ल्याचे रशियन सैनिक आले आणि १६ मार्चला रशियात जाण्याचं मतदान उरकलंसुद्धा. सर्बियाच्या कोसोव्हो प्रांतासाठी १९९९ मध्ये नाटोनं, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गटानं, ७८ दिवस बॉम्ब टाकले, मग १७ फेब्रुवारी २००८ ला स्वातंत्र्य जाहीर झालं. एकाचा पाठीराखा मॉस्को, दुसऱ्याचा वॉशिंग्टन. भारतानं कोसोव्होला मान्यता दिलेली नाही ते योग्यच.

गोवा यात बसत नाही, कारण गोवा कुठून फुटलाच नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारनं १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतीला 'सागरापलीकडचा प्रांत' म्हटलं, म्हणजे नुसती पाटी बदलली. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९६० मध्ये गोव्याला स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातलं तेव्हाच त्या पाटीचा रंग उडाला.

दर्यावर्दी

मास्तर, तुमचा नियम लावला तर पूर्व तिमोर आजही इंडोनेशियात असता. तोही आपल्यासारखाच पोर्तुगीजांच्या हाताखालचा. १९७५ च्या डिसेंबरात इंडोनेशियाचं सैन्य घुसलं. ३० ऑगस्ट १९९९ ला संयुक्त राष्ट्रांनी कौल घेतला, ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियातली स्वायत्तता नाकारली. लगेच इंडोनेशियाच्या पाठिंब्यावरच्या टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली. २० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची फौज उतरली तेव्हा कुठे तो कौल वाचला. परकी फौज नसती तर त्या ७८.५ टक्क्यांची राखच झाली असती.

आणि १९७१ चा बांगलादेश? तिथं परका हात कोणाचा होता ते वेगळं सांगायला नको.

फोंड्याचा मास्तर

तिमोरात कौल आधी, फौज नंतर. क्रिमियात उलटं. बांगलादेशातही डिसेंबर १९७० ची निवडणूक आधी झाली होती, शेख मुजीबांना बहुमत मिळूनही पाकिस्ताननं सत्ता दिली नाही. माझ्या नियमाला इजा नाही.

दर्यावर्दी

इजा आहे हो! तुम्ही 'परकी फौज असली की मागणी बाद' असं लिहिलं होतं, आता 'फौज आधी आली की नंतर' यावर आलात. आणि फार भोळेपणानं बघू नका. हाच ऑस्ट्रेलिया १९७९ मध्ये इंडोनेशियाचा ताबा मान्य करून बसला होता. १९८९ मध्ये तिमोरच्या समुद्रातल्या तेलाचा करारही इंडोनेशियाशीच केला. वाचवायला आलेला हात आधी कुठे होता तेही बघावं.

कागद दाखवा

वकिली पेशामुळे एक खुसपट काढतो. कोसोव्होबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २२ जुलै २०१० ला १० विरुद्ध ४ मतांनी एवढंच म्हटलं, की स्वातंत्र्य जाहीर करण्यानं आंतरराष्ट्रीय कायदा मोडला नाही. फुटण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी हातात घेतलाच नाही. तरी दोन्हीकडचे लोक तो निकाल आपल्या खिशातला म्हणून फिरवतात. रशियानं क्रिमियासाठी तोच वापरला, ही त्यातली गंमत.

या विषयावरचा सर्वांत शहाणा कागद मला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा वाटतो, १९९८ चा, क्यूबेक या तिथल्या फ्रेंचभाषी प्रांतावरचा. एकतर्फी फुटता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमतानं होकार मिळाला तर उरलेल्या देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल. तिथंही परका हात होताच म्हणा: १९६७ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल क्यूबेकातल्या माँत्रेयालच्या सज्जातून 'स्वतंत्र क्यूबेक चिरायू होवो' असं गरजून गेले. पण त्यांनी मागे रणगाडे सोडले नाहीत.

वाळपईचा वाकडा

सगळे कायद्याच्या गोष्टी करताहेत. कोणाला कटांगा आठवतो का? जुलै १९६० मध्ये काँगोतून तो प्रांत फुटला. पाठीशी बेल्जियमचं सैन्य आणि तांब्याच्या खाणींची बेल्जियन कंपनी. ते बंड मोडायला संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत आपले जवान होते. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला तिथंच धारातीर्थी पडले, परमवीर चक्राचे मानकरी. बरोबर १३ दिवसांनी आपलं सैन्य गोव्यात शिरलं. एकाच महिन्यात एकीकडे परका हात छाटायचा, दुसरीकडे आपला हात घालायचा. आपण घातला तर मुक्ती, दुसऱ्यानं घातला तर हस्तक्षेप!

१८ डिसेंबरला सुरक्षा समितीत सात देशांनी भारतानं सैन्य मागे घ्यावं म्हणून मत दिलं. सोव्हिएत नकाराधिकार नसता तर? तोही परक्याचाच हात.

(अवांतर: मी मुक्तीच्या विरोधात नाही. उगाच शिव्या घालू नका.)

फोंड्याचा मास्तर

वाकडेराव, कटांगा तुम्ही माझ्याच ताटात वाढलात. तिथं हात वसाहतवाल्याचा होता, इथंही हटवायचा तो वसाहतवाल्याचाच. काँगो आणि गोवा एकाच बाजूला येतात. आणि गोव्यात मागणी आधी नव्हती म्हणाल, तर तसं नाही. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांची सभा झाली. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. सालाझारनं कौल घेतला असता तर आम्हालाही आकडा दाखवता आला असता.

पेडण्याची मी

सगळे १९६१ वर अडकलात. पुतण्याला उत्तर १९६७ मध्ये आहे. १६ जानेवारीचा जनमत कौल. मतपत्रिकेवर दोन चिन्हं: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे आहे तसा केंद्रशासित. 'आहे तसं राहू दे' हा पर्याय छापलेला होता. क्रिमियाच्या पत्रिकेवर तो नव्हताच. एक चौकट रशियात जाण्याची, दुसरी क्रिमियाच्या १९९२ च्या, भरपूर स्वायत्ततेच्या घटनेची. युक्रेनमध्ये जसे आहोत तसे राहू म्हणणाऱ्यानं शिक्का कुठे मारायचा? शिवाय आपल्याकडे विलीनीकरणवाले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी कौलाआधी राजीनामा दिला, खुर्चीवरून कौल घेतला असं कोणी म्हणू नये म्हणून.

दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. आमच्या घरात आजोबा मराठीवाले, फूल. आजीनं पानांवर शिक्का मारला आणि ते आजोबांना कधीच कळू दिलं नाही. मी मराठीत लिहिते आणि आजीच्या बाजूची आहे.

पण खरी मेख पुढे आहे. आमच्या पेडण्यात, तसंच नव्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेल्या तालुक्यांतल्या, बऱ्याच भागांत फुलाला जास्त मतं होती. तालुकावार मोजलं असतं तर? कौल मोजण्याआधी कुंपण कुठे घालायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं, आणि निम्मा निकाल तिथंच लागतो. क्रिमियात १९४४ मध्ये स्टालिननं हाकललेल्या तातारांना, म्हणजे तिथल्या मुसलमान रहिवाशांना, कुंपणाच्या कुठल्या बाजूला मोजायचं?

वाळपईचा वाकडा

हे पटलं. मग मास्तरांना विचारा, कोसोव्हो सर्बियातून फुटू शकतो तर कोसोव्होतल्या उत्तर मित्रोव्हिसा शहरातले सर्ब कोसोव्होतून का नाही?

कागद दाखवा

कारण मग मित्रोव्हिसातला एखादा अल्बेनियन मोहल्लाही उठेल. म्हणून न्यायालयं जुन्या प्रशासकीय सीमा धरतात. न्याय्य म्हणून नव्हे, दुसरं काही हाताशी नाही म्हणून.

फोंड्याचा मास्तर

मूळ लेखात दुरुस्ती: 'परक्याचं सैन्य उभं आहे' ऐवजी 'परक्याच्या सैन्यानं मतपत्रिका छापली आहे' असं वाचावं. कोसोव्होवरचं मत बदललेलं नाही. पुतण्याला धाग्याचा दुवा पाठवला. त्यानं फक्त विचारलं, "आजीनं खरंच सांगितलं नाही?"

पेडण्याची मी

नाही. आजोबा गेल्यावर बाराव्याला सांगितलं, सगळ्यांसमोर.