वाद्यवृंद संचालनाचे शिक्षण : लगेच प्रवेश घ्यावा की आधी अनुभव मिळवावा? सल्ला हवा आहे

चौथी_तार :
नमस्कार. मी २१ वर्षांचा असून लहानपणापासून व्हायोलिन शिकतो आहे आणि एका युवा वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनांच्या गटात वाजवतो. अलीकडे तालमीत माझे लक्ष स्वतःच्या ओळीपेक्षा संचालकांच्या कामाकडेच अधिक असते. ते नेमके कुठे थांबवतात, कोणाला काय सांगतात आणि त्यानंतर आवाज कसा बदलतो, याच्या मी नोंदी ठेवतो. व्हायोलिनची पदवी पूर्ण होत आली आहे आणि पुढे संचालनच करायचे, असे मी ठरवले आहे. संचालनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला लगेच अर्ज करावा का? मला पियानो जेमतेम येतो, ही उणीव किती आड येईल? आणि स्पर्धांवर किती भर द्यावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मागची_खुर्ची :
मी व्यावसायिक वाद्यवृंदात व्हायोला वाजवतो, त्यामुळे वादकांच्या बाजूने लिहितो. व्हायोलिन सोडू नका, ही माझी पहिली विनंती. इटलीचे विख्यात संचालक तोस्कानिनी १८८६ मध्ये रिओ दि जानेरो येथे ऐनवेळी संचालनासाठी उभे राहिले, तेव्हा ते १९ वर्षांचे होते आणि त्याच वाद्यवृंदात चेलो वाजवत होते. आजचे फिनलंडचे तरुण संचालक क्लाउस मेकेला हेही मुळात चेलोवादकच. गजाचा वेग कुठे वाढवायचा, कोणता स्वर गज वर नेताना सुरू करायचा आणि कोणता खाली आणताना, हे ज्याच्या हाताला माहीत असते, त्याने तंतुवाद्यांना केलेली सूचना आम्हाला लगेच वाजवता येते.

दुसरे म्हणजे बोलण्याची सवय लावून घ्या. बहुतेक कार्यक्रमांना मोजक्याच तालमी मिळतात. संचालकाने थांबवल्यावर कोणत्या वाद्याने, कोणत्या मापापासून (म्हणजे लिहिलेल्या संगीतातील तालाच्या कोणत्या कप्प्यापासून) आणि काय बदलायचे, एवढेच सांगावे व पुढे जावे. कारण न सांगता ‘पुन्हा एकदा’ म्हणणाऱ्या संचालकावरचा वादकांचा विश्वास फार लवकर उडतो.

पियानो_साथी :
ऑपेराच्या तालमींना पियानोची साथ करणे हे माझे काम आहे, म्हणून पियानोच्या प्रश्नाला जरा विस्ताराने उत्तर देतो. तुम्हाला मैफिलीचा पियानोवादक व्हायचे नाही. मात्र वीस-बावीस ओळींचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे संगीत एकाखाली एक लिहिलेली प्रत, समोर ठेवून त्यातला सांगाडा दोन हातांत आणता येणे आवश्यक आहे, आणि अनेक संस्थांच्या प्रवेश परीक्षेत तेच तपासले जाते. व्हायोला आल्टो क्लेफमध्ये लिहिलेला असतो (क्लेफ म्हणजे कोणत्या ओळीवर कोणता स्वर, हे ठरवणारे चिन्ह), चेलो मध्येच टेनर क्लेफमध्ये जातो, क्लॅरिनेट आणि हॉर्न यांचे लिहिलेले स्वर व ऐकू येणारे स्वर वेगळे असतात. हे सारे डोळ्यांना एकदम दिसायला लागेपर्यंत रोज थोडे वाचावे लागते. हायडनच्या चौकड्यांपासून, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनांपासून, सुरुवात करा. तीन ओळी वाजवा आणि चौथी गा. दुसऱ्या दिवशी गायची ओळ बदला. ध्वनिमुद्रण मात्र सर्वांत शेवटी ऐका, कारण ते आधी ऐकले की दुसऱ्याची लय आपल्या हातात बसते आणि स्कोअरमध्ये काय लिहिले आहे, हे पाहायचेच राहून जाते.

हाताचे तंत्रही स्कोअरमधूनच उगवते. बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीचा आरंभ घ्या. तिथे पहिला स्वर विरामानंतर येतो, त्यामुळे संचालकाने दिलेल्या एकाच तयारीच्या इशाऱ्यात लय, जोर आणि सुरुवातीचा क्षण हे तिन्ही असावे लागते. आतली लय पक्की नसेल, तर हाताचे कितीही सुंदर वळण तिथे उपयोगी पडत नाही.

मध्य युरोपात ऑपेरागृहात साथीदार म्हणून लागायचे आणि तिथून संचालनाकडे जायचे, ही जुनी व आजही चालू असलेली वाट आहे. संचालक गेओर्ग शोल्टी बुडापेस्टच्या ऑपेरात असेच घडले. ऑस्ट्रियाचे संचालक काराजान यांनीही १९२९ ते १९३४ ही वर्षे जर्मनीतील उल्मच्या छोट्या नाट्यगृहात काढली. गायकाने श्वास लांबवला की वाद्यवृंदाला कसे थांबवून धरायचे, हे तिथे रोज शिकायला मिळते. पियानो सुधारला, तर ही वाट तुमच्यासाठीही खुली होईल.

तालीमघर :
वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. परंतु ‘आधी अनुभव, मग प्रवेश’ असा क्रम लावू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. मेकेला बाराव्या वर्षापासून योर्मा पानुला यांच्याकडे संचालन शिकत होते. पानुला यांनी हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत सालोनेन, सारास्ते, वान्स्का, ओरामो अशी संचालकांची पिढी घडवली. त्यांच्या वर्गात विद्यार्थ्यांसमोर खरा वाद्यवृंद असे आणि नंतर प्रत्येकाला स्वतःचे चित्रीकरण पाहावे लागे. म्हणून संस्था निवडताना नावापेक्षा एकच गोष्ट विचारा : प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यात किती मिनिटे जिवंत वादकांसमोर उभे राहता येते? व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे झुबिन मेहता आणि क्लाउदिओ अब्बादो शिकले, लेनिनग्राडमध्ये इल्या मुसिन यांच्याकडे तेमिर्कानोव्ह शिकले. तेव्हा गुरू कोण, हेही पाहावेच. तरीही वाद्यवृंदाऐवजी नुसत्या पियानोसमोर हाताने ताल दाखवत वर्ष काढायला लावणारी संस्था मी सुचवणार नाही.

प्रवेश मिळेपर्यंत थांबूही नका. सात मित्र जमवून स्ट्राविन्स्की यांची १९१८ ची ‘सैनिकाची कथा’ बसवा. क्लॅरिनेट, बासून, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, तालवाद्ये, व्हायोलिन आणि डबल बेस एवढीच वाद्ये लागतात, पण मापांतील मात्रांची संख्या सतत बदलते. पहिल्याच भागात डबल बेस आपली ठरलेली चाल सोडत नाही आणि वरची मापे मात्र पालटत राहतात. संचालनाच्या वर्गांत ही रचना म्हणूनच वापरली जाते. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या डिजिटल संग्रहात अमेरिकी संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या खुणांसह स्कोअर पाहायला मिळतात. तेही जरूर पाहा.

चौथी_तार :
मनापासून आभार. स्पर्धा आणि साहाय्यक संचालकाचे पद यांबद्दलही कोणी लिहील का? प्रवेशासाठी पाठवायच्या चित्रफितीत काय असावे?

मागची_खुर्ची :
तयारी झालेली असेल, तर स्पर्धेमुळे दार लवकर उघडते. जपानचे सेइजी ओझावा १९५९ मध्ये फ्रान्समधील बेझांसाँची स्पर्धा जिंकले, त्यानंतर बॉस्टनच्या वाद्यवृंदाचे संचालक शार्ल म्युन्श यांनी त्यांना अमेरिकेतील टँगलवूडच्या संगीत केंद्रात बोलावले, आणि पुढे ते न्यूयॉर्कमध्ये बर्नस्टाइन यांचे साहाय्यक झाले. व्हेनेझुएलाचे दुदामेल २००४ मध्ये जर्मनीतील बाम्बर्गची माहलर स्पर्धा जिंकले, पण त्याआधी कित्येक वर्षे ते आपल्या देशातील युवा वाद्यवृंदाचे संचालन करत होते. तेवढा पाया नसताना स्पर्धा जिंकली, तर लागोपाठ येणारी निमंत्रणे पेलणे कठीण जाते. तुमच्या वयाला माझे मत साहाय्यक पदाच्या बाजूने पडते. सभागृहात मागे बसून वाद्यांचा तोल ऐकणे, मुलांसाठीचे कार्यक्रम सांभाळणे आणि मुख्य संचालक आजारी पडल्यास उभे राहण्याच्या तयारीत असणे, हे ते काम. १४ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या कार्यक्रमाचे संचालक ब्रूनो वाल्टर आजारी पडले, तेव्हा २५ वर्षांचे साहाय्यक बर्नस्टाइन तालमीशिवाय उभे राहिले आणि कार्यक्रम पार पडला, याचे कारण त्यांनी ते स्कोअर आधीच अभ्यासले होते. इंग्लंडचे संचालक सायमन रॅटल यांचे उदाहरणही पाहा : १९७४ मध्ये स्पर्धा जिंकल्यावर ते बोर्नमथला साहाय्यक झाले आणि १९८० पासून बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदात १८ वर्षे राहिले.

तालीमघर :
चित्रफितीपुरते सांगतो. कॅमेरा वादकांच्या मागे, तुमच्या समोर ठेवा; चेहरा आणि दोन्ही हात पूर्ण दिसले पाहिजेत. एक भाग संथ लयीचा आणि एक द्रुत असावा. संस्थेने मनाई केली नसेल, तर तालमीचा सलग तुकडा जरूर जोडा, ज्यात तुम्ही थांबवता, सूचना देता आणि त्यानंतर वाजवणे बदललेले ऐकू येते. त्यात कापाकापी करू नका. परीक्षकांना तोच बदल ऐकायचा असतो.