मदत हवी आहे: पदवीला ४४.२० टक्के, एलएलबी सीईटीचा अर्ज भरू की नको? उद्या शेवटची तारीख

वैशाली_सातपूर
नमस्कार. हातात आज आणि उद्या एवढेच दिवस आहेत. सीईटीचा अर्ज अर्धा भरून ठेवलाय. टक्केवारीच्या रकान्यात ४४.२० टाकले आणि पुढे जायचं धाडस होईना. एका क्लासमध्ये चौकशीला गेले होते, तिथे तोंडावर सांगितलं की ४५ च्या खाली कोणी उभं करत नाही, अर्जाचे पैसे वाया घालवू नका. खरं आहे का? मला नाशिकमध्येच हवंय, एनबीटी किंवा मविप्रचं लॉ कॉलेज. बाहेरगावी जमणार नाही. अभ्यास काय करायचा तेही सांगा. पुस्तक एकच सांगा, दहा नकोत.

गोदाकाठ
ताई, तीन वर्षांचा अभ्यासक्रम की पाच? पदवी कोणती, कुठून? आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रवर्ग कोणता? याशिवाय हो-नाही सांगता येत नाही.

निफाडकर
सीईटीच्या मागे लागण्यापेक्षा क्लॅट द्यावी. १२० प्रश्न, दोन तास, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर ही तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटवरच बीए एलएलबीला घेतात. माझा मुलगा अकरावीला आहे, त्याला आतापासूनच रोज एक संपादकीय वाचायला लावतो. नाशिकमध्ये क्लॅटचा चांगला क्लास कोणता, कोणी सांगेल का?

गोदाकाठ
निफाडकर, त्यांनी पदवीचे गुण दिलेत. क्लॅटवरून पाच वर्षांचा अभ्यासक्रम मिळतो, तो बारावीनंतरचा. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. मुलासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे सविस्तर लिहीन.

वैशाली_सातपूर
तीन वर्षांचाच. बीए. वय ३४ आहे, आता पाच वर्षं कुठली. ४४.२० चं काय ते सांगा ना.

मखमलाबाद_रोड
वय ३४? बार कौन्सिलने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३० ची मर्यादा घातली आहे. माझ्या चुलतभावाला याच कारणावरून परत पाठवलं होतं. आधी ते तपासा, टक्के नंतर.

जुना_सीबीएस
मखमलाबाद_रोड, ती अट बार कौन्सिलने २०१६ मध्ये परत आणली होती हे बरोबर. पण मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तुमच्या भावाचं त्याच सुमाराचं असणार. आपल्या राज्याच्या सीईटीला वयाची वरची मर्यादा नाही. मी जिल्हा न्यायालयात अठ्ठावीस वर्षं वकिली करतो. पन्नाशीत सनद घेतलेले दोन जण माझ्यासमोर उभे राहून उलटतपास घेतात. वैशालीताई, वयाचा विचार डोक्यातून काढा. प्रवर्ग सांगा.

वैशाली_सातपूर
ओबीसी. पण मी तो कधी कुठे वापरला नाही. आणि बीए मुक्त विद्यापीठाची आहे, हे पण सांगायचं होतं का?

मखमलाबाद_रोड
मुक्त विद्यापीठाची पदवी लॉला चालत नाही. हे मला पक्कं माहीत आहे.

गोदाकाठ
पक्कं नाही. विधी शिक्षणाचे २००८ चे नियम आहेत, त्यातला पाचवा नियम वाचा. दूरशिक्षणाने घेतलेली पहिली पदवी पात्र धरतात, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. अडतं ते खालच्या स्पष्टीकरणात. मूळ पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर नाही. म्हणजे बारावी न करता, पूर्वतयारीची परीक्षा देऊन बीएला बसलेले लोक यात अडकतात. आपल्याकडे गोवर्धनच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून असं शिकलेले खूप आहेत, म्हणून हा गैरसमज नाशकात जास्त. ताई, बारावी झाली आहे का? आणि बीएच्या आधी की नंतर?

वैशाली_सातपूर
बारावी २००९, कॉमर्स, ४९ टक्के, बीएच्या खूप आधी. बीए मी नोकरी करता करता केली. म्हणून गुण कमी आले.

गोदाकाठ
मग पदवीचा प्रश्न मिटला.

आता टक्के. ४५ ची अट खुल्या प्रवर्गाला आहे. राज्यातल्या ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. तुमचे ४४.२० म्हणजे तुम्ही पात्र आहात. क्लासमध्ये तुम्हाला प्रवर्ग कोणी विचारला का?

वैशाली_सातपूर
नाही. गुणपत्रिका पाहिली आणि परत दिली. चार दिवस मी झोपले नाही हो.

जुना_सीबीएस
थांबा, पुढचं नीट वाचा, इथेच माणसं घसरतात. ओबीसी म्हणून अर्ज केला आणि कॅपच्या, म्हणजे निकालानंतरच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या वेळी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र हातात नसलं, की तुम्हाला खुल्यात धरतात. इतरांचं त्याने फक्त आरक्षण जातं. तुम्ही खुल्यात गेलात की ४५ ची अट लागणार आणि पात्रताच संपणार. त्यामुळे तुमच्यासाठी तो कागद पुस्तकाच्याही आधी. जातीचा दाखला आहे का? कोणाच्या नावाचा?

वैशाली_सातपूर
दाखला आहे, माहेरच्या नावाचा. गुणपत्रिकाही माहेरच्याच नावाच्या. आधार आणि बँक सासरच्या नावावर. नॉन-क्रीमीलेअर काढलेलंच नाही.

शालिमार_ते_पंचवटी
हे माझ्या बहिणीचं झालंय, म्हणून लिहिते. जात वडिलांकडून धरतात, त्यामुळे माहेरच्या नावाचा दाखलाच बरोबर, तो बदलायला जाऊ नका. दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी. विवाह नोंदणी केलेली नसेल तर आधी ती करा. बहिणीचा अर्ज छाननीत याच एका कागदासाठी दोनदा परत आला होता. तिने रडून घेतलं, मग सकाळी उठून नवऱ्याला घेऊन महापालिकेत गेली. नॉन-क्रीमीलेअरचा अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकारवर करा. वडिलांचे उत्पन्नाचे कागद लागतील. जातवैधता प्रमाणपत्रही मागतात. ते नसेल तर पडताळणी समितीकडे लगेच अर्ज टाका आणि पावती जपून ठेवा.

मखमलाबाद_रोड
वयाचं आणि मुक्तचं मी चुकीचं सांगितलं, ताईंना उगाच घाबरवलं. माफ करा. पण हजेरीचं खरं आहे ना? सत्तर टक्के हजेरी सक्तीची आहे, नोकरी करून एलएलबी होत नाही.

जुना_सीबीएस
सत्तर टक्के खरं. ताई, नोकरी कसली?

वैशाली_सातपूर
कोर्टाजवळ एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिंग करते, नऊ वर्षं झाली. प्रतिज्ञापत्रं, वकीलपत्र, मुदतीचे अर्ज, दावे, सगळं. साहेब म्हणतात तू शिक, वेळेचं बघू.

जुना_सीबीएस
हे सगळ्यात आधी सांगायचं होतं! नऊ वर्षं दावे टाइप केलेत म्हणजे वादी, प्रतिवादी, मनाई हुकूम, कैफियत हे शब्द तुमच्या बोटांत आहेत. माझ्याकडे येणाऱ्या नवीन मुलांना हे वर्षभर शिकवावं लागतं. दोन्ही कॉलेजांत जाऊन तासांचं वेळापत्रक विचारा आणि मग साहेबांशी बोला. हजेरीवर कुठेही तडजोड करू नका, नाहीतर परीक्षेच्या वेळी अडचण येऊ शकते.

ओझर_१२
एलएलबी करून न्यायाधीश व्हायचं असेल तर लक्षात ठेवा, २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. शिवाय वकिलीसाठी अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते.

गोदाकाठ
ओझर, ते पुढचं पुढे. आज अर्ज भरायचाय.

ताई, अभ्यासाचं सांगतो. तीन वर्षांच्या सीईटीला आता १२० प्रश्न, दोन तास. इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी ३२, विधी अभियोग्यता २४, तर्क २४. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रश्न मराठीतही असतात, इंग्रजीचा भाग सोडून.

पेठ_रोड_मराठी
मी मराठी माध्यमातून आलो, निवृत्तीनंतर सीईटी दिली. मला इंग्रजीनेच खाल्लं. सगळा वेळ कायद्यात घातला आणि ४० प्रश्नांचा भाग राहिला. रोज एक उतारा वाचा, त्यावरचे प्रश्न घड्याळ लावून सोडवा. बाकी नंतर.

जुना_सीबीएस
इंग्रजीचं मान्य, पण 'बाकी नंतर' मान्य नाही. कायद्याचे २४ यांना सगळ्यात स्वस्तात मिळतील. राज्यघटनेतली १४, १९, २१, ३२, २२६ ही कलमं, करार कायद्यातल्या प्रस्ताव-स्वीकृतीच्या व्याख्या, अपकृत्याची (टॉर्ट) ओळख. आणि जुनं पुस्तक घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा ३०२ मध्ये नाही, १०३ मध्ये आहे. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. रद्दीतल्या गाईडमध्ये अजून जुनेच आकडे सापडतात.

वैशाली_सातपूर
ऑफिसात आम्हीही नवीन कलम लिहून कंसात जुनं टाकतो, त्यामुळे हे पाठ आहे. इंग्रजीचीच भीती वाटते. घरी बसायला जागा नाही, दोन मुलं आहेत.

शालिमार_ते_पंचवटी
सार्वजनिक वाचनालयात जाऊन विचारा. १८४० पासूनचं आहे, इंग्रजी वर्तमानपत्रंही वाचायला मिळतात. तुमच्या ऑफिसापासून जवळ पडेल.

गोदाकाठ
आणि एक राहिलं. सीईटीचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. निकालानंतर कॅपची नोंदणी वेगळी करायची, कागद तेव्हा तपासतात, मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. दरवर्षी चांगले गुण असलेली मुलं तिथे राहतात, कारण त्यांना वाटतं सगळं झालं. आत्ता प्रवर्गाच्या रकान्यात ओबीसी निवडा. नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच टाका.

निफाडकर
ताई, शुभेच्छा. मुलालाही हा धागा वाचायला दिला. क्लॅटच्या क्लासचा वेगळा धागा काढलाय, गोदाकाठ, तिथे या.

वैशाली_सातपूर
अर्ज भरला, पैसे भरले, पावती छापून घेतली. प्रवर्ग ओबीसी टाकला. आज दुपारी साहेबांकडून दोन तास मागून सेतूत गेले, नॉन-क्रीमीलेअरचा अर्ज दिला. वडिलांचा उत्पन्नाचा दाखला जुना निघाला, तो नवीन काढायला भाऊ उद्या तलाठ्याकडे जातोय. विवाह नोंदणी सोमवारी. पेठ रोडचे काका, इंग्रजी उतारे सोप्यापासून सुरू करू की थेट परीक्षेच्या पातळीचे?

पेठ_रोड_मराठी
थेट परीक्षेच्या पातळीचे. पहिला आठवडा घड्याळ न लावता. अडलेले शब्द वहीत लिहा आणि रात्री ऑफिसच्या टायपिंगसारखे टाइप करा, तुमच्या हाताला त्याची सवय आहे. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा मिळते, तीही एकदा देऊन बघा.