हिब्रू रिवाजात मुंडण म्हणजे शोकच ना?

ओसरी: परवा घरी जावळावरून बोलणं निघालं आणि गाडी थेट बायबलच्या जुन्या करारावर गेली. माझं म्हणणं असं, की प्राचीन इस्राएलात डोकं भादरणं म्हणजे दुःख, नाहीतर नामुष्की. मुलं गेल्याचं कळताच ईयोब अंगरखा फाडतो, डोकं मुंडतो. अम्मोनी राजा हानून इस्राएलच्या दावीद राजाच्या दूतांची अर्धी दाढी उतरवतो. बिचारे ती वाढेपर्यंत यरीहोत लपून राहतात. याजकांना तर टक्कल करायची मनाईच. यात पावित्र्य कुठे?

खडीसाखर: दाढी म्हणजे डोकं नव्हे, हे आधी सांगते. आणि नाजीराला, म्हणजे देवाला नवस बोलून केस राखणाऱ्याला, कुठे बसवणार? जुन्या करारातलं 'गणना' पुस्तक, अध्याय ६ बघा. नवस चालू असेतो वस्तरा लावायचा नाही. मुदत भरली की दर्शनमंडपाच्या (देवाच्या पवित्र तंबूच्या) दाराशी डोकं भादरायचं आणि ते केस शांत्यर्पण नावाच्या बळीखालच्या आगीत टाकायचे. पुढे यरुशलेमच्या मंदिरात स्त्रियांच्या अंगणाच्या आग्नेय कोपऱ्यात नाजीरांची वेगळी खोली होती, असं मिश्ना हा यहुदी नियमांचा जुना संग्रह सांगतो. नामुष्कीसाठी कोणी खोली बांधतं का?

बोरूवाला: दोघंही एकच अर्थ धरून बसलात. त्वचारोगातून बरा झालेला माणूस आठवड्यात दोनदा सगळे केस काढतो, दुसऱ्यांदा भुवयासुद्धा. जुन्या करारातल्याच 'अनुवाद' पुस्तकाच्या २१व्या अध्यायात लढाईत धरून आणलेल्या स्त्रीचं डोकं भादरतात, ती महिनाभर आईबापांसाठी रडते, मग लग्न. जुनं आयुष्य उतरवून ठेवायचं, एवढंच.

खडीसाखर: "एवढंच"? तिला कोणी विचारलं होतं? नाजीर नवस स्वतः बोलतो, तिच्यावर वस्तरा लादलाय. दोघांना एका माळेत ओवू नका.

ओसरी: नाजीरापुढे मी हरलो. पण यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ७:२९ वाचा. यरुशलेमला केस कापून फेकून द्यायला सांगितलंय, आणि तिथे केसांसाठी शब्द आहे 'नेझेर'. नाजीराच्या राखलेल्या केसांना तोच शब्द, राजाच्या मुकुटालाही तोच. नाजीराचा नेझेर अग्नीत जातो, यरुशलेमचा रस्त्यावर. शोक म्हणतो तो हाच.

बोरूवाला: म्हणजे केस पवित्र होते म्हणूनच ते फेकणं मनाला लागतं. तुमचाच मुद्दा तुम्ही खोडलात की!

अष्टागर: जावळावरून सुरू झालंय म्हणून सांगतो. आमच्या रायगडातल्या बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी यहुदी) घरांतही नवसाच्या मुलाचे केस काही वर्षं राखायची रीत होती; उतरवले की त्यांच्या वजनाइतकं सोनं किंवा चांदी दान. हे नाजीराकडून आलं की शेजारच्या आगरी-कोळी घरांतून, यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.