आई-बाबांना मोठ्या क्रूझवर न्यायचंय, नेमकं काय असतं तिथं?

परभणीकर
नमस्कार मंडळी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले अन् आईनं समुद्र बघितला तो फक्त टीव्हीवर, म्हणून दिवाळीनंतर दोघांना क्रूझवर न्यावं असं लै मनात आहे, सोबत बायको अन् पोरगी. यूट्यूबवर बघायलो तर काय ते वॉटर पार्क, काय ते वीस मजले, अन् इकडं एजंट म्हणायलाय की मुंबईहूनच बसा, सगळं तिकिटातच आहे. बाबांचे गुडघे दुखतेत, आई शाकाहारी आहे अन् एकादशी-चतुर्थी धरते. पहिल्यांदाच जायलोत. मुंबई-गोवा करावं का लक्षद्वीप, का सरळ सिंगापूर? जाऊन आलेल्यांनी खरं खरं सांगा.

नांदेडची_ताई
दादा, जरूर न्या, पण आधी एक गोष्ट घरात सगळ्यांना नीट सांगा. यूट्यूबवर दिसतं ते बहुतेक आयकॉन ऑफ द सीज नावाचं जहाज, 2024 पासून अमेरिकेतल्या मायामीहून फिरतं, 365 मीटर लांब. मुंबईहून जाणारी कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची एम्प्रेस 211 मीटरची, 1990 चं जहाज आहे, आधी रॉयल कॅरिबियन या अमेरिकन कंपनीकडं होतं. चांगलं आहे, स्वच्छ आहे, पण ते वेगळं अन् हे वेगळं. पोरीला आधीच सांगून ठेवा नसता तिथं जाऊन हिरमुसते.

चढायची पद्धत विमानतळासारखीच. मोठ्या बॅगा खालीच घेतात, त्या नंतर खोलीत येतात, कधी कधी संध्याकाळ होते, म्हणून बाबांच्या गोळ्या, आधार कार्ड अन् एक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, पाणी गरम करायची किटली असलं काही नेऊ नका, आगीच्या भीतीनं काढून घेतात. एक कार्ड मिळतं, तीच खोलीची चावी अन् जहाजावरचा खर्च पण त्याच्यावरच चढत जातो, तर रोज संध्याकाळी रिसेप्शनवर जाऊन हिशोब बघत जा.

"सगळं तिकिटात" म्हणजे खोली, मेन जेवण, बरेचसे शो, स्विमिंग पूल. दारू, स्पा, स्पेशल रेस्टॉरंट, वायफाय अन् बंदरावर उतरून फिरायची टूर याचे बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे. सर्व्हिस चार्ज अन् बंदराचा टॅक्स तिकिटात धरलाय का वेगळा हे एजंटकडून लिहून घ्या, तोंडी नको. अन् जहाज निघालं की फोन फ्लाइट मोडवर टाका, मधल्या समुद्रात जहाजाचं नेटवर्क आपोआप लागतं अन् बिल बघून माणूस बेजार होतो.

जेवणाची काळजीच करू नका. मुंबईच्या जहाजावर व्हेज काय, जैन पण मिळतं. उपवासाचं मात्र बुकिंग करतानाच सांगा, अन् खजूर, पॅकबंद राजगिरा लाडू जवळ असू द्या. घरी शिजवलेलं चढू देत नाहीत.

गोदाकाठ
मला काही पटत नाही बरं. एवढ्या पैशात आठवडाभर कोकण होतं, वाळूत बसता येतं, पाण्यात पाय घालता येतो. जहाजावर समुद्र लांबून बघायचा अन् दिवसभर जेवायचं. ज्यांना फिरायची आवड आहे त्यांना दुसऱ्या दिवशी करमत नाही.

जालना_इंजिनरूम
गोदाकाठ भाऊ, तुमचं म्हणणं फिरस्त्या माणसासाठी बरोबर आहे, पण इथं गुडघे दुखणारे बाबा आहेत. लिफ्ट आहे, जेवण एका मजल्यावर, झोपायला दुसऱ्या, रोज बॅगा भरायच्या नाहीत. म्हाताऱ्या माणसांना हे लै सोयीचं.

मी जहाजावर इंजिनच्या कामाला असतो म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो. खोली घेताना जहाजाच्या मधोमध अन् खालच्या मजल्यावरची घ्या, तिथं हेलकावे कमी लागतात. सगळ्यात पुढची अन् वरची जास्त हलते. पाण्याखाली दोन्ही बाजूला पंख असतात, ते जहाजाचं डोलणं कमी करतात, पण बंद नाही करत. तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र बराच शांत असतो, पावसाळ्यात खवळतो. उलटीची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, बाबांची बीपीची गोळी चालू असंल तर डॉक्टरला विचारूनच. त्रास झालाच तर डेकवर मोकळ्या हवेत आणून लांब क्षितिजाकडं बघायला लावा. सगळ्यात स्वस्त खोलीला खिडकी नसते, आत दिवस-रात्र कळत नाही. आईनं समुद्र बघितलेला नाही म्हणता, मग त्यांच्यासाठी तरी खिडकी नाहीतर बाल्कनी घ्या, खर्च दुसरीकडं वाचवा.

लक्षद्वीपचं लक्षात घ्या, तिथं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच उभं राहतं अन् लहान बोटीत उतरावं लागतं. बोट खालीवर होत असती, गुडघ्याला अवघड आहे, अन् वारा असला तर उतरणंच रद्द होतं. गोव्याला जहाज मुरगावच्या धक्क्यालाच लागतं.

निघायच्या वेळी सेफ्टी ड्रिल असते, म्हणजे संकटात काय करायचं याचा सराव, कंटाळा करून खोलीत बसू नका. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं, 32 माणसं गेली, त्या दिवशी चढलेल्या बऱ्याच लोकांची ड्रिलच झालेली नव्हती. त्याच्यानंतर निघायच्या आधी नाहीतर निघताच ड्रिल घ्यायचा नियम झाला. पोरीला लाइफ जॅकेट घालायला शिकवा.

अन् बाबांना आवडंल म्हणून सांगतो, जहाजावर गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासनंच बनवतात, इंजिनची वाया जाणारी उष्णता वापरून वाफ करून नाहीतर आरओनं. 2016 ला आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हापासून मला या यंत्राचं फार अप्रूप वाटतं.

परभणीकर
लै लै आभार. मग पहिल्यांदा मुंबई-गोवाच करतो, सिंगापूर नंतर बघू. बाबांना ते पाण्याचं वाचून दाखवलं तर आत्ताच विचारायलेत की इंजिन बघू देतात का.

जालना_इंजिनरूम
इंजिनरूम दाखवणं अवघड, सुरक्षेमुळं पाहुण्यांना बहुतेक जाऊ देत नाहीत. पण विचारून बघा, कुणी इंजिनिअर भेटला तर बोलंल नक्की.

नांदेडची_ताई
अजून एक. देवगिरी एक्स्प्रेसनं जाल तर आदल्या दिवशीच मुंबईत पोचा, गाडी लेट झाली तर जहाज थांबत नाही. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाजात बसायचा धक्का, जवळच आहे, टॅक्सी करा, सामान घेऊन बाबांना चालवू नका. गोव्यात उतरलात तरी तेच, परत चढायची जी वेळ सांगतील त्याच्या तासभर आधी धक्क्यावर या. परतीची गाडी पण उतरायच्या दिवशी रात्रीचीच काढा, सगळ्या लोकांना खाली सोडायला वेळ लागतो.